हिराला कळवायचं राहिलं

त्या दुपारी मी परात मांडीवर घेऊन मोड आलेले वाल सोलत होतो आणि तू खाटेवर पाय वर घेऊन कादंबरी वाचून दाखवत होतीस. बस, एवढंच. एक वाल माझ्या चिमटीतून सटकला तो थेट तुझ्या चष्म्यावर. तू म्हणालीस, "नीट करा की वो, पुस्तक नातीचं हाय." चष्मा पदराला पुसलास आणि परत वाचायला लागलीस. कादंबरीतला तो पोरगा, होडीवाल्याचा, शहरात जाऊन मोठा साहेब झालेला, शेवटी एकदाचा मोटारीत बसून गावच्या नदीकडं निघाला होता. आणि ऐन वेळेला तू पुस्तक मिटलंस.

"अगं, थांबलीस का? एवढीशी तर पानं राहिलीत."

"डोळं दुखतात माझं. नि हरायची येवढी घाई का तुमाला?"

पैज होती आपली. तू म्हणायचीस, तो जाईल, मी कोणाचा पोर ते सगळ्यांदेखत सांगेल. मी म्हणायचो, असली माणसं नदी लांबून बघतात आणि मागं फिरतात. हरेल त्यानं वर्षभर वाल सोलायचे. दोन महिने चालली होती पैज, आणि निकाल उद्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू नव्हतीस. डॉक्टर काय म्हणाले, कोण कोण आलं, कोण किती रडलं, ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालंय. ते तुला कशाला सांगू? तू होतीसच की तिथं. मी जे सांगणार आहे ते तुला माहीत नाही. ते कधी एकदा तुझ्या कानावर घालतो असं मला झालंय, आणि ऐकणारी नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

अगं, मी ती कादंबरी वाचून संपवली!

मी. तिसरीतून उठून गुरांमागं गेलेला. सही करायची म्हटली तरी आधी पेन तपासून बघणारा. ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून, मोठ्यानं वाचली. मनातल्या मनात मला वाचता येत नाही, ते तुला ठाऊकच आहे. भेटायला येणारी माणसं दारातच थबकायची. त्यांना वाटायचं, म्हातारा पोथी वाचतोय. तुझ्या आत्तेभावानं तर लांबूनच हात जोडले आणि सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला. मी वाचत होतो, साहेबानं गळ्यातला टाय सैल केला आणि सिगारेट पेटवली. आणि तो डोळे मिटून मान डोलावत होता! तू गेल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा. बाजूला बघितलं, तुला खूण करायला. मग हसू गेलं.

पण ती कादंबरी तू वाचायला का काढलीस, ते आपण कधी बोललो नाही. तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आज बोलतो.

गणपतीतली गोष्ट. शेलूच्या ह्या बिल्डिंगीत आपल्या महेशनं घर घेतलं त्याला वर्ष होत आलेलं. बिल्डिंगीचा पहिलाच गणपती. पेणहून मूर्ती आली. मखराला केळीचे खांब बांधायचे होते आणि ते काही केल्या उभे राहिनात. पोरांनी सुतळी बांधली, चिकटपट्टी लावली, खांब आपले वाकून सगळ्यांना नमस्कार करतायत. तू खुर्चीवर बसून बघत होतीस. तुझे हात शिवशिवत होते ते मला दिसत होतं. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून टेंपोत पेंढा भरून आणला होता. तू उठलीस. मूठभर पेंढा घेतलास, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलंस आणि दोन तळव्यांत पीळ देत देत वीतभर, हातभर, चार हात दोरी वळलीस. खांबाला तीन वेढे, टोक आत खोचून एक हिसका. खांब हलेना. पोरांनी लोंबकळून बघितलं तरी हलेना. टाळ्या वाजल्या गं! अख्ख्या बिल्डिंगीनं टाळ्या वाजवल्या.

समोरच्या दारातल्या सावंतवहिनी पुढं आल्या. "काकू, कमाल आहे तुमची! कुठं शिकलात हे?"

तू तोंड उघडलं होतंस. मी मध्येच बोललो.

"हिच्या माहेरी मोप शेती. गडीमाणसं होती कामाला. त्यांचं बघून बघून शिकली."

"तरीच!" वहिनी म्हणाल्या.

तू माझ्याकडं बघितलंस. हातातला उरलेला पेंढा तसाच. मला वाटलं, आता चारचौघांत माझी काढणार ही. काढायला पाहिजे होतीस. तू खाली वाकून सांडलेल्या काड्या गोळा करायला लागलीस.

घरी आल्यावर एकदाच बोललीस. "माझ्या माहेरी गडी कवा होते वो? माझ्या बापालाच लोक गडी म्हणायचे."

"गेलं तोंडातून."

"असं कसं जातं?"

"अगं, इथं सगळे हापिसवाले. त्यांना काय सांगू? पळसदरीच्या माळावर आमी दुसऱ्याचं गवत कापायचो म्हणून? डोक्यावर भारे घेऊन वखारीला जायचो म्हणून?"

"व्हय. तेच सांगायचं. चोरी केली का आपण?"

मी टीव्हीचा आवाज मोठा केला. माझं उत्तर तेवढंच.

चार दिवसांनी तू श्रेयाच्या कपाटातून ती कादंबरी काढलीस. आपल्या नातीला ती कर्जतच्या कॉलेजात अभ्यासाला होती, परीक्षा झाल्यावर तिनं कोपऱ्यात टाकलेली. "जुनी आहे आजी, खूप गाजलेली, पण जाम बोअर," असं म्हणाली पोरगी. बोअर! तू सातवी पास, गावात असताना बायकांची पत्रं वाचून देणारी. दुपारचं जेवण झालं की मला म्हणालीस, "बसा हितं. वाचते."

होडीवाल्याचा पोर. हुशार. कोणीतरी त्याला शिकायला शहरात नेतो. तिथं तो बोलणं बदलतो, जेवायची पद्धत बदलतो, पुढं आडनावसुद्धा बदलतो. अंगाला नदीचा वास येतो असं त्याला वाटतं म्हणून दिवसातून तीनदा अंघोळ करतो. मोठ्या घरची बायको मिळते. आणि एक दिवस बाप टोपलीत मासे घेऊन बंगल्याच्या दारात उभा. आत पाहुणे बसलेले. ते विचारतात, हे कोण? हा म्हणतो, आमच्या गावचा जुना नावाडी. बाप टोपली मागच्या दाराशी ठेवतो आणि 'येतो मालक' म्हणून निघून जातो.

मी ओरडलो. "थोबाड फोडायला पाहिजे मुडद्याचं!"

तू चष्म्यावरून बघितलंस. "कुणाचं?"

"ह्याचं. पुस्तकातल्याचं."

"हां," म्हणालीस आणि पान उलटलंस.

मला कळत होतं गं. एवढाही दगड नाही मी. म्हणून तर ओरडायचो. ओरडलं की वाटायचं मी बापाच्या बाजूचा आहे. पण तू! तू त्या पोराची बाजू घ्यायचीस! मला वाटलं होतं तू त्याला शिव्या देशील आणि त्या मला लागतील. तू उलट वकिली करायला लागलीस त्याची.

"भ्यालाय तो."

"कशाला भ्यायचं? बाप हाय, वाघ नाय."

"बापाला नाय वो भ्याला. नवीन मिळालंय ते हातातनं जाईल म्हणून भ्याला. उपाशी ऱ्हायलेलं माणूस ताट दोन हातांनी धरतं तसं."

"म्हणून बापाला नावाडी म्हणायचं?"

"चुकलंच त्याचं. पण चुकला म्हणून टाकून देऊ का? मी तर नाय टाकणार."

केवढे भांडायचो आपण! एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी आपलं चालूच. सूनबाई बाहेर येऊन म्हणाली, "आई, हा कोण आहे ज्याच्यावरून रोज वाद होतो? आपल्या नात्यातला आहे का?" तू म्हणालीस, "हाय, लांबचा." आणि मी वालात तोंड खुपसलं.

तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, चुकलं माझं. दोन शब्द. किती दुपारी ते माझ्या जिभेवर आले होते ते मलाच माहीत. तू पाणी प्यायला थांबायचीस तेवढ्यात बोलू म्हणायचो, तेवढ्यात तुझं पाणी पिऊन व्हायचं. आयुष्यभर फटकन बोलणारा माणूस मी, वखारीत कोणाची भीड ठेवली नाही, आणि तुझ्यासमोर दोन शब्दांना अडखळलो.

तर आता शेवट ऐक. नीट ऐक हां, मी दहा दिवस खपलोय त्याच्यावर.

तो नदीवर पोचतो. मोटार अलीकडच्या काठाला उभी करतो आणि होडीत बसतो. वल्हं मारणारा नवाच कोणी. तो विचारतो, "कुणाकडं जायचंय साहेब?" हा पानभर नुसती नदी बघतो. (त्या पानात मी दोन दिवस अडकलो होतो. लिहिणाऱ्यानं असतील नसतील ती सगळी जोडाक्षरं त्या नदीवर ओतली आहेत.) मी तर म्हटलं, झालं, हा आता होडी मागं फिरवायला सांगणार, जिंकलो मी. आणि तो बोलला! बापाचं नाव घेतलं. म्हणाला, मी त्यांचा मुलगा.

मी टाळी वाजवली गं! एकटा बसून, सुतकाच्या घरात. म्हटलं, जिंकलीस! वर्षभर काय, मरेपर्यंत सोलतो वाल! सूनबाई धावत आली, बाबांना काय झालं म्हणून. मी तिला हातानंच थांबवलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

होडीवाला वल्हं थांबवतो. म्हणतो, "ते गेले पावसाळ्यात. पण तुमी चुकताय साहेब. त्यांना पोर नव्हतं. ते स्वतःच सांगायचे सगळ्यांना."

संपली! तिथंच संपली! मी पुढचं पान बघितलं, कोरं. दोन पानं चिकटलीत का ते नखानं बघितलं. नाही. बापानं गावात सांगून टाकलं होतं, मला पोर नाही. पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आता सांग, कोण जिंकलं? तो गेला, बोलला, म्हणजे तू. पण माफी द्यायला बापच नाही, म्हणजे तू पण नाही. त्या मिनिटाला मला तुझा एवढा राग आला! असल्या वेळेला जातात का? हा वाद महिनाभर पुरला असता आपल्याला.

हे कालच्या सकाळचं. काल तुझं बारावं होतं. दुपारनंतर माणसं पांगली. संध्याकाळी सावंतवहिनी आल्या, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, एक विचारू? हिराला कळवलंत का?"

मला वाटलं माझे कान वाजले. "कोणाला?"

"हिराला हो. काकूंच्या माहेरी कामाला होती ना ती, गवत कापणारी. तिचा किती जीव होता काकूंवर. तिला कळायला हवं ना?"

हिरा! तुझा भाऊ गेल्यापासून हे नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं मी. तुझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी 'सुमन' लिहिलं आणि त्या दिवसापासून हिरा संपली. का सुमन, ते तुला कधी सांगितलं नाही. ज्यांच्या माळावर आपण गवत कापायचो त्या मालकाच्या सुनेचं नाव सुमन होतं. मला हिरा हे नाव गावंढळ वाटलं होतं. म्हणजे बघ, गणपतीत मी काही पहिल्यांदा खोटं बोललो नाही. सुरुवात मांडवातच केली होती.

"तुम्हाला काय काय सांगायची ती, हिराबद्दल?" मी विचारलं.

आणि वहिनी सुरूच झाल्या गं! खाली बाकावर तुम्ही बायका संध्याकाळी बसायचात, मला वाटायचं भाज्यांच्या गप्पा चालतात. "अहो काका, आम्ही रोज म्हणायचो, काकू, आज हिराची गोष्ट! ती नाही का, विळ्याखाली नाग आला तर त्याला म्हणाली, 'जा रं बाबा तुझ्या वाटंनं, मला अजून अर्धा माळ उरकायचाय.' आणि तो गेला म्हणे! ती रोज कापत असताना गाणी रचायची, मुकादमाच्या मिशीवर. काकू ते म्हणून पण दाखवायच्या."

मुकादमाच्या मिशीवर! मलाही आठवलं मग. सगळा माळ हसायचा.

"आणि ते पोर हरवल्याचं!" वहिनी डोळे पुसत हसत होत्या. "तिनं बाळाला गवताच्या भाऱ्याच्या सावलीला झोपवलं, आणि सगळ्यांनी तिथंच भारे आणून रचले. संध्याकाळी बघते तर सगळे भारे सारखे! बाळ कुठल्या भाऱ्यामागं तेच कळेना. सगळी माणसं भारे उलटतायत. शेवटी तेराव्या भाऱ्यामागं सापडलं, गाढ झोपलेलं, नाकावर नाकतोडा बसलेला! काका, त्या पोराचं पुढं काय झालं हो? आम्ही विचारलं की काकू नुसत्या हसायच्या."

त्या पोरानं तेवढ्यात ट्रेमधून चहा आणला. "घ्या वहिनी," म्हणाला. पन्नाशीला आलेलं, टक्कल पडलेलं तुझं पोर. मी तोंडाला टॉवेल लावला. हसतोय का रडतोय ते मलाही सांगता येणार नाही.

मग मी भीत भीत विचारलं. "आणि तिचा नवरा? हिराचा?"

"तो ना? तापट होता म्हणायच्या काकू. कोणाशी जुळवून घेईल तर शपथ. पण एकदा हिराला सणसणून ताप होता, उभं राहवेना. प्रत्येकाला कापायला नेमून दिलेली पट्टी असते ना, पात का काय ती? ह्यानं आपली पात कापून तिची पण कापली, आणि मुकादमाला छातीठोक सांगितलं, हिनंच कापली, बघ, माझ्यापेक्षा साफ आहे. काकू म्हणायच्या, असलं खोटं बोलणारा नवरा नशिबानं मिळतो."

मी ते विसरलो होतो. शपथेवर सांगतो, पार विसरलो होतो. तू ठेवलं होतंस. आणि माझ्या गणपतीतल्या खोट्यानंतर तू बिल्डिंगीतल्या बायकांना माझं हे खोटं सांगितलंस!

वहिनी उठल्या. जाताना परत म्हणाल्या, "तेवढं हिराला कळवा हं काका."

"कळवतो," मी म्हटलं. "उद्या कळवतो."

रात्रभर मला तू दिसत होतीस, त्या बाकावर. कादंबरीतल्या त्या बापानं पोराचं खोटं सांभाळायला पोरच पुसून टाकलं. तू काय केलंस? मी तुझ्या माहेरी गडी उभे केले, तू त्यातलीच एक बाई झालीस आणि अख्खा माळ त्या बाकावर आणून बसवलास. नाग, नाकतोडा, मुकादमाची मिशी, सगळ्यांसकट! मी ज्या हापिसवाल्यांना घाबरत होतो त्यांच्या बायका रोज संध्याकाळी हिराची वाट बघत होत्या. मी वरच्या मजल्यावर छाती फुगवून बसलो होतो आणि खाली माझी बायको गाजत होती! मला एवढा आनंद झाला गं, की उठून कोणाला तरी सांगावं.

फक्त एक बोचतं, आणि ते जाणार नाही. एवढ्या गोष्टी सांगितल्यास, त्यात एकदाही तुला 'मी' म्हणता आलं नाही. 'ती' म्हणावं लागलं. स्वतःच्या पोराला 'तिचं पोर' म्हणावं लागलं. ते माझ्यामुळं. चुकलं माझं. लिहायला किती सोपं आहे बघ.

आज सकाळी महेश तू गेल्यावर पहिल्यांदा कामावर निघाला होता. बॅग खांद्याला, हातात डबा. मी म्हटलं, "जरा माझ्याबरोबर चल."

"बाबा, गाडी चुकेल."

"चुकू दे. दुसरी येईल."

त्याचा दंड धरला आणि समोरची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, हाताला कणीक. आत सावंतसाहेब पेपर घेऊन, मुलगी वेणी घालत उभी. बरं झालं, सगळेच होते. ह्या वेळी जीभ नाही अडखळली.

"वहिनी, काल तुमी विचारत होतात, हिराच्या पोराचं पुढं काय झालं. हे बघा. हेच ते, तेराव्या भाऱ्यामागचं. नि तिचा तो तापट नवरा तो मी. हिच्या माहेरी गडी नव्हते. आमीच गडी होतो. हिराला आता कुठं कळवू? तिलाच जाऊन बारा दिवस झाले."